यागानंतरचे अवभृथस्नान नेमके कोणाचे, आणि नागपुरात ते कोठे करावे?

प्रश्न : त्रिमूर्तीनगरकर

आमच्या वसाहतीतील विष्णुमंदिराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त येत्या माघात विष्णुयाग करण्याचे मंदिर समितीने ठरविले आहे. पाच दांपत्ये यजमान म्हणून बसणार आहेत. याज्ञिक गुरुजींनी जी कार्यक्रमपत्रिका लिहून दिली, तिच्यात शेवटच्या दिवशी पूर्णाहुतीनंतर ‘अवभृथस्नान’ असा उल्लेख आहे आणि त्या एका शब्दावरून समितीच्या दोन बैठका खर्ची पडल्या आहेत.

काही सदस्यांच्या मते सर्व भाविकांना बसगाड्यांनी कामठीजवळ कन्हान नदीवर न्यावे आणि तेथे सामुदायिक स्नान करावे. काहींच्या मते मंडपातील कलशांचे पाणी यजमानांवर शिंपडले की विधी पूर्ण होतो, नदीवर जाण्याचे कारण नाही. आमच्या समितीत एक तेलुगूभाषक सद्गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे की त्यांच्याकडे उत्सवाच्या शेवटच्या दिवशी देवाचे चक्र पुष्करिणीत, म्हणजे मंदिराच्या तळ्यात, बुडवितात, म्हणजे स्नान मुळात देवाचे असते आणि माणसे त्या पाण्यात मागाहून उतरतात, तेव्हा देवाला मंदिरात ठेवून आपणच नदीवर जाणे विपरीत होईल. गुरुजींना विचारले असता ते हसून म्हणाले की तिन्ही प्रकार चालतात, तुम्ही ठरवा आणि मला कळवा.

माझी विचारणा अशी आहे की मूळ विधीमध्ये हे स्नान कोणाचे असते, त्याचे प्रयोजन काय, नदी आवश्यक आहे काय, आणि यजमान नसलेल्या भाविकांना, विशेषतः महिलांना, त्यात स्थान आहे काय? जाणकारांनी आधारासह सांगितल्यास समितीपुढे ठेवता येईल.

उत्तर : माध्यंदिन

आपल्या समितीतील तिन्ही मतांना आधार आहे, मात्र ती तीन निरनिराळ्या परंपरांतून आलेली असल्यामुळे एकमेकांना छेद देतात. म्हणून आधी मूळ श्रौत, म्हणजे वैदिक यज्ञपरंपरेतील, विधी पाहणे बरे.

अवभृथ हा सोमयागाच्या, म्हणजे सोम वनस्पतीच्या रसाची आहुती देण्याच्या यज्ञाच्या, अखेरचा विधी आहे. सोमयागांचा नमुना मानला जाणारा अग्निष्टोम पाच दिवस चालतो : एक दिवस दीक्षेचा, तीन दिवस उपसद नावाच्या पूर्वविधींचे आणि शेवटचा दिवस सोम पिळून आहुती देण्याचा, ज्याला सुत्या म्हणतात. त्या दिवशी प्रातःसवन, माध्यंदिनसवन आणि तृतीयसवन, म्हणजे सोम पिळण्याच्या तिन्ही वेळा, आटोपल्या की यजमान, त्याची पत्नी आणि सोळा ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालविणारे पुरोहित, पाण्याकडे निघतात. वाटेत त्यांच्यापैकी प्रस्तोता नावाचा ऋत्विज साम गातो. बरोबर सोमरस लागलेली पात्रे आणि सोम पिळून उरलेला चोथा, म्हणजे ऋजीष, नेलेले असते. पाण्यापाशी पोहोचल्यावर जी इष्टी, म्हणजे छोटा याग, होते तिची देवता वरुण, तिचे हविर्द्रव्य एका कपालावर, म्हणजे खापरीवर, भाजलेला पुरोडाश, म्हणजे पिठाची जाड भाकरी, आणि तिच्या आहुती अग्नीत दिल्या जात नाहीत. पाण्यावर समिधा टाकून तिच्यावर त्या दिल्या जातात. एरवी प्रत्येक आहुतीसाठी अग्नी हवा असा ज्या कर्मकांडाचा आग्रह, त्याने शेवटच्या आहुतीसाठी पाणी निवडावे ही या विधीतील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे आणि तिचे कारण समजले की आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे मिळतात.

यजमान यज्ञात प्रवेश करतो तोही पाण्यातूनच. क्षौर, स्नान, नवे वस्त्र, कमरेला मेखला, बसायला कृष्णाजिन, म्हणजे काळविटाचे कातडे, असा दीक्षेचा क्रम आहे. दीक्षित झालेला माणूस दुधावर राहतो, बोलणे आवरतो, आणि अंगाला खाज सुटली तरी नखाने न खाजवता काळविटाच्या शिंगाने खाजवितो. थोडक्यात, तो नेहमीच्या जगातून बाहेर काढलेला असतो. अशा माणसाला यज्ञ संपल्यावर सरळ उठून घरी जाता येत नाही, त्याची दीक्षा उतरवावी लागते. अवभृथ म्हणजे ही दीक्षा उतरविणे. शुक्ल यजुर्वेदाच्या शतपथ ब्राह्मण या ग्रंथाच्या चौथ्या कांडात याचे वर्णन आहे. तेथे मेखला आणि शिंग यांचा त्याग करताना जो मंत्र म्हटला जातो त्यात त्यांना ‘माहिर्भूर्मा पृदाकुः’, म्हणजे साप होऊ नकोस, विषारी सर्प होऊ नकोस, असे विनविले आहे. इतके दिवस कमरेला बांधलेली ती दोरी आता वरुणाच्या पाशासारखी वाटू लागलेली असते.

त्यानंतर ऋजीषाचा घट पाण्यात बुडविताना ‘अवभृथ निचुम्पुण’ हा मंत्र येतो. देवांविषयी घडलेला अपराध देवांच्या साहाय्याने आणि माणसांविषयी घडलेला अपराध माणसांच्या साहाय्याने मी दूर केला आहे, असा त्याचा आशय आहे. मग पती-पत्नी पाण्यात उतरतात, एकमेकांची पाठ चोळतात आणि नवी वस्त्रे नेसून बाहेर येतात. साप जशी कात टाकतो तसे यजमान आपले पाप टाकतो, दात न आलेल्या बाळाइतकेही पाप त्याच्यात उरत नाही, असे शतपथकार म्हणतात. परत येताना कोणी मागे वळून पाहत नाही, कारण तैत्तिरीय संहितेच्या म्हणण्याप्रमाणे वरुणापासून आडोसा मिळावा हा त्यामागील हेतू आहे.

आता नदीविषयी. शतपथात यावर स्पष्ट विधान आहे : वाहत्या पाण्यात जेथे पाणी थांबलेले असेल तेथे उतरावे, कारण वाहत्या पाण्याचा जो भाग वाहत नाही तो वरुणाने धरून ठेवलेला असतो, आणि अवभृथ वरुणाचे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर नदीचा डोह. पण पुढच्याच वाक्यात असेही म्हटले आहे की तसे स्थान न मिळाल्यास कोणत्याही पाण्यात उतरावे. म्हणजे नदी श्रेयस्कर, परंतु अनिवार्य नाही. महिलांविषयी विचाराल तर मूळ विधीत पत्नी सोबत असणे हा सवलतीचा विषय नसून विधीचाच भाग आहे.

उत्तर : पूर्वपक्षी

माध्यंदिन यांनी दिलेली माहिती श्रौत कर्माची म्हणून उत्तम आहे, परंतु तिचा विष्णुयागाशी संबंध काय हे त्यांनी सांगितलेले नाही. विष्णुयाग हे पौराणिक पद्धतीचे कर्म आहे. त्यात सोम नाही, म्हणून ऋजीष नाही. वरुणाची इष्टी नाही, मेखला नाही, काळविटाचे शिंग नाही. मग उतरवायचे काय आणि बुडवायचे काय?

अवभृथ केवळ सोमयागातच असते असे मात्र मी म्हणणार नाही. चातुर्मास्य नावाच्या ऋतुयागांतील वरुणप्रघास या पर्वातही ते आहे, आणि तेथे सोमाचा चोथा नसल्यामुळे आमिक्षेच्या, म्हणजे फाटलेल्या दुधाच्या घट्ट भागाच्या, भांड्याला लागून राहिलेली खरवड, जिला निष्कास म्हणतात, ती पाण्याकडे नेतात. यावरून तत्त्व असे दिसते की यज्ञातील जे द्रव्य अग्नीला देता आले नाही आणि जे माणसांनी खाऊही नये, त्याची व्यवस्था पाण्यात होते. आपल्या विष्णुयागात असे काही उरतच नसेल, तर पूर्णाहुतीनंतर प्रधान कलशाच्या पाण्याने होणारा यजमानाभिषेक पुरेसा आहे आणि तोच त्या कर्माचा खरा शेवट आहे. अवभृथ हा शब्द अलीकडे कार्यक्रमपत्रिका भारदस्त दिसावी म्हणून घातला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. नवचंडीपासून भागवत सप्ताहापर्यंत सर्वत्र तो छापलेला दिसतो.

उत्तर : माध्यंदिन

पूर्वपक्षींची हरकत महत्त्वाची आहे, पण ‘उतरवायचे काय’ या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर विष्णुयागाच्या पहिल्या दिवसात आहे. त्या दिवशी यजमान काय करतो ते आठवावे. प्रायश्चित्ताचा संकल्प होतो, हेमाद्रीकृत महासंकल्प म्हटला जातो, भस्म, मृत्तिका, गोमय, पंचगव्य, कुशोदक इत्यादींनी दशविधस्नान होते, नवे वस्त्र नेसले जाते, हाताला कंकण बांधले जाते आणि यागाच्या समाप्तीपर्यंत आहार-विहाराचे नियम पाळले जातात. सोमयागाची दीक्षा ती नव्हे, हे मान्य. पण माणसाला काही काळापुरते बाजूला काढण्याची कल्पना तीच आहे. ज्या कर्माची सुरुवात दहा स्नानांनी होते, त्याची अखेर चार थेंब शिंपडून करावी काय, हा प्रश्न समितीने स्वतःला विचारावा.

यज्ञात गुंतलेल्या माणसाची ही वेगळी अवस्था धर्मशास्त्रानेही मानली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात ऋत्विज आणि दीक्षित यांना यज्ञकर्म चालू असताना अशौच लागले तरी सद्यःशौच सांगितले आहे, म्हणजे घरात सुतक आले तरी चालू कर्म थांबत नाही. अशी मोकळीक ज्या अवस्थेमुळे मिळते ती कोठेतरी संपली पाहिजे, आणि ती संपल्याची खूण पाण्याची आहे.

पौराणिक परंपरेने हा विधी लोकांपर्यंत कसा आणला हे भागवताच्या दशम स्कंधातील 75व्या अध्यायात पाहावयास मिळते. युधिष्ठिराच्या राजसूयानंतर ऋत्विजांनी त्याला द्रौपदीसह गंगेत स्नान घातले आणि त्यानंतर सर्व वर्णांच्या व आश्रमांच्या लोकांनी तेथे स्नान केले, कारण त्या पाण्याने महापातकीही तत्काळ मुक्त होतो, असे तेथे म्हटले आहे. त्याच ठिकाणी तेल, गोरस, सुगंधी जल, हळद आणि केशर एकमेकांच्या अंगाला माखत चाललेल्या जलक्रीडेचे वर्णन आहे. म्हणजे यजमान दांपत्याचे स्नान आधी आणि इतरांचे मागाहून, हा क्रम आपल्याला आधारासह मिळतो. मनुस्मृतीही अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येच्या प्रायश्चित्तांमध्ये असा पर्याय देते की पातक्याने ब्राह्मण आणि राजे जमले असताना आपला अपराध उघड सांगावा आणि अश्वमेधाच्या अवभृथात स्नान करून मुक्त व्हावे. नुसते पाण्यात उतरून चालत नाही, आधी सर्वांसमक्ष कबुली द्यावी लागते, हा तपशील हल्ली सोयीस्करपणे गाळला जातो.

उत्तर : वेंकटाद्री

आपल्या समितीतील तेलुगू सद्गृहस्थांची बाजू मला मांडावीशी वाटते, कारण आमचे कुटुंब नागपुरात कित्येक वर्षांपासून असले तरी देवघरातील पद्धत आंध्रातीलच आहे.

तिरुमला येथील ब्रह्मोत्सव नऊ दिवसांचा असतो. प्रारंभी ध्वज चढतो, रोज सकाळ-संध्याकाळ निरनिराळ्या वाहनांवरून मलयप्पस्वामींची, म्हणजे उत्सवमूर्तीची, मिरवणूक निघते, आणि नवव्या दिवशी सकाळी चक्रस्नान होते. श्रीदेवी-भूदेवींसह मलयप्पस्वामींना स्वामी पुष्करिणीच्या काठी, वराहस्वामींच्या मंदिराजवळ आणतात. तेथे त्यांचे अभिषेकस्नान होते, ज्याला आमच्याकडे स्नपन तिरुमंजनम् म्हणतात, आणि मग अर्चक सुदर्शनचक्र घेऊन पुष्करिणीत बुडी देतात. त्याच क्षणी काठावर आणि पाण्यात दाटीने उभे असलेले भाविकही बुडी मारतात. सायंकाळी ध्वज उतरवितात आणि उत्सव संपतो.

तमिळ मंदिरांत यालाच तीर्थवारी म्हणतात आणि केरळात आराट्टू. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात वर्षातून दोन वेळा दहा दिवसांचा उत्सव होतो. त्याच्या अखेरीस आदल्या रात्री देवाची प्रतीकात्मक मृगया होते आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती शंखुमुखम् येथे समुद्रस्नानासाठी जातात. त्रावणकोर राजघराण्याचे प्रमुख हाती तलवार घेऊन मिरवणुकीपुढे चालतात. मिरवणुकीची जुनी वाट आता विमानतळाच्या धावपट्टीवरून जाते, म्हणून त्या दिवशी काही तास विमानांची ये-जा बंद ठेवली जाते. विमानतळ नंतर आला, देवाची वाट आधीची, इतके साधे हे प्रकरण आहे.

माध्यंदिन यांनी सांगितलेल्या श्रौत क्रमाशी हे ताडून पाहिले तर आगमांनी, म्हणजे मंदिरपूजेच्या शास्त्रग्रंथांनी, यजमानाच्या जागी देवालाच बसविले आहे असे दिसते. ध्वजारोहणापूर्वी अंकुरार्पण, म्हणजे धान्य रुजविण्याचा विधी, होते, उत्सवभर देवाला आणि अर्चकांना कंकण बांधलेले असते, आणि शेवटी तीर्थस्नान. भागवतातील हळद माखण्याचा जो उल्लेख वर आला, त्याच्याशी मिळतीजुळती प्रथाही आमच्याकडे आहे : अनेक वैष्णव मंदिरांत अवभृथापूर्वी चूर्णोत्सव होतो आणि देवाला अर्पण केलेले हळदीचे चूर्ण भाविकांवर उधळले जाते.

मात्र एक सावधगिरी सुचवितो. आपला कार्यक्रम ब्रह्मोत्सव नाही, याग आहे. देवाने ध्वज उभारून उत्सव केला असता तर देवाचे स्नान योग्य ठरले असते. याग यजमानांनी केला आहे, तेव्हा स्नान यजमानांचे. आपल्या मंदिरात उत्सवमूर्ती किंवा चक्र असल्यास ते सोबत न्यावे, त्यात बाध नाही, परंतु केवळ तेवढ्यासाठी स्थिर मूर्ती हलविण्याचा विचारही करू नये.

उत्तर : रामटेककर

चर्चा तिरुमला आणि गंगेपर्यंत गेली, म्हणून नागपूरकरांना आपल्या अंगणातील एका पुराव्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

प्राचीन विदर्भातील वाकाटक राजघराण्याची एक राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. या घराण्याच्या ताम्रपटांत वंशावळ देताना पहिल्या प्रवरसेनाने केलेल्या यज्ञांची यादी येते : अग्निष्टोम, आप्तोर्याम, उक्थ्य, षोडशी, अतिरात्र, वाजपेय, बृहस्पतिसव, साद्यस्क्र आणि चार अश्वमेध. त्यापुढे रुद्रसेनाचा उल्लेख भवनागाचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा, म्हणून येतो आणि त्या भवनागाच्या कुळाची, म्हणजे भारशिवांची, ओळख ‘दशाश्वमेधावभृथस्नान’ या विशेषणाने करून दिलेली आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या अठराव्या राज्यवर्षी प्रवरपुराहून चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दिले, त्या चम्मकच्या ताम्रपटातही हा मजकूर आहे. नागपूरच्याच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो ग्रंथ संपादित केला, त्यात हे लेख एकत्र पाहता येतात.

या विशेषणाकडे लक्ष देण्यासारखे आहे. भारशिवांनी दहा अश्वमेध आरंभिले असे लेख म्हणत नाही, दहा अश्वमेधांची अवभृथस्नाने केली असे म्हणतो. अश्वमेध हा वर्षभर चालणारा, घोडा अडविला गेल्यास मोडणारा यज्ञ. तो सुरू कोणीही करील, पण शेवटचे स्नान ज्याचे झाले त्याचाच तो पार पडला. पूर्वपक्षींना हा शब्द कार्यक्रमपत्रिकेतील दागिना वाटतो, परंतु विदर्भातील राजे आपल्या आजोळचा मोठेपणा सांगताना नेमका हाच शब्द निवडत होते. काशीच्या दशाश्वमेध घाटाचे नाव काही इतिहासकार याच भारशिवांशी जोडतात. ते अनुमान आहे, ताम्रपटाइतके वजन त्याला देऊ नये.

महाभारतात द्यूतसभेचा प्रसंग सांगताना दुःशासनाने द्रौपदीचे केस धरले एवढेच सांगून कवी थांबत नाही. राजसूयाच्या अवभृथात मंत्रपूत जलाने भिजलेले ते केस होते, असे तो म्हणतो. सम्राज्ञीपदाची सर्वांत ताजी खूण त्या केसांवर होती, म्हणून अपमान तेथेच झाला. आणि रामटेकचा माणूस असल्यामुळे कालिदासाला वगळून मला पुढे जाता येत नाही : रघुवंशाच्या पहिल्या सर्गात नंदिनी गायीला वासरू दिसताच पान्हा फुटतो आणि जमिनीवर सांडणारे ते कोमट दूध अवभृथाहूनही पवित्र असल्याचे तो सांगतो. पावित्र्याची सर्वोच्च मोजपट्टी म्हणून त्याला हेच स्नान आठवले.

स्थळासाठी कन्हानऐवजी रामटेकचा अंबाळा तलाव सुचवितो. बांधीव पायऱ्या आहेत, भोवती मंदिरे आहेत आणि धार्मिक विधींसाठी लोक तेथे येतच असतात.

उत्तर : कन्हानकाठ

शास्त्रार्थात मी पडत नाही, परंतु कामठीत राहत असल्यामुळे नदीविषयी काही सांगणे कर्तव्य समजतो.

शतपथ ब्राह्मणाने सांगितलेला डोह कन्हानमध्ये अवश्य आहे, आणि दरवर्षी माणसे बुडतात तीही अशाच डोहांत. वाळूच्या उपशामुळे पात्रात ठिकठिकाणी खड्डे पडलेले आहेत. वरून पाणी संथ दिसते, दोन पावले गुडघाभर असते आणि तिसरे पाऊल ठाव लागत नाही अशा जागी पडते. माघात प्रवाह कमी झालेला असल्यामुळे लोक निर्धास्त होतात, तेही अपघाताचे एक कारण आहे. बसगाड्या भरून ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले आणून त्यांना एकाच वेळी पाण्यात उतरविण्याचा बेत कृपया सोडून द्यावा. कपडे बदलण्याची सोय, विशेषतः महिलांसाठी, काठावर नाही. ती उभारावी लागेल.

दुसरे असे की कन्हान ही नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक स्रोत आहे. निर्माल्य, कापड, नारळ, प्लास्टिकच्या पिशव्यांतील पूजासाहित्य आणि यज्ञकुंडातील राख नदीत टाकून नंतर तेच पाणी नळाने घरी आणायचे, यात कोणते पावित्र्य साधते ते मला कळत नाही. गणेशोत्सवात महानगरपालिकेने कृत्रिम हौद ठेवायला सुरुवात केल्यावर कुरकुर झालीच होती, पण आता वसाहतीच्या वसाहती तेथे विसर्जन करतात. फुटाळा आणि अंबाझरीचा स्नानासाठी विचार नको, नाग नदीचे तर नावही काढू नये.

जावयाचेच असेल तर पाच यजमान दांपत्ये आणि गुरुजी एवढ्यांनीच यावे, सोबत पोहणारे दोघे-तिघे स्थानिक असावेत, आणि त्यांच्या सांगण्यानुसारच जागा निवडावी.

त्रिमूर्तीनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही चर्चा छापून समितीच्या बैठकीत वाचून दाखविली. बसगाड्यांचा प्रस्ताव मागे घेण्यात आला आहे. यजमान दांपत्यांनी गुरुजींसह पहाटे नदीवर जावे की सर्व विधी मंदिराच्या आवारात करावा, एवढाच निर्णय बाकी आहे. त्यासाठी माध्यंदिन यांना आणखी दोन गोष्टी विचारतो. आवारात केल्यास इतर भाविकांना सहभागी कसे करून घ्यावे? आणि मंडप उतरविणारा कंत्राटदार पूर्णाहुती होताच दुपारी कामाला लागू म्हणतो आहे, त्याला होकार द्यावा काय?

उत्तर : माध्यंदिन

पूर्णाहुतीनंतर लगेच नदीवर जावयाचे असल्याने पहाटेचा प्रश्न येत नाही. पूर्णाहुती आदल्या रात्री झाली असेल तरच पहाटे निघता येईल. कन्हानकाठ यांनी सांगितलेली परिस्थिती पाहता मी आवारातील विधीच्या बाजूने मत देतो, आणि शतपथातील ‘कोणतेही पाणी’ हे वचन त्याला पुरेसा आधार आहे.

आवारात दोन मोठी पात्रे ठेवावीत. नदीचे, तलावाचे आणि विहिरीचे पाणी आदल्या दिवशी आणवून त्यांत मिसळावे. रामटेककरांच्या सूचनेचा मान राखून अंबाळ्याचे पाणी आणल्यास उत्तम. वरुणाचे आवाहन आणि पूजन त्या पात्रांवरच करावे. गुरुजी शुक्ल यजुर्वेदी असल्यास ‘उरुं हि राजा वरुणश्चकार’ आणि ‘अवभृथ निचुम्पुण’ हे मंत्र त्यांना मुखोद्गत असतीलच. प्रथम पाचही दांपत्यांचे स्नान व्हावे. शिंपडणे नव्हे, डोक्यावरून तांब्याने घातलेले पूर्ण स्नान व्हावे. त्यासाठी आडोसा आणि कोरडी नवी वस्त्रे हाताशी ठेवावीत, माघातील सकाळ असेल तर पाणी कोमट करण्यास हरकत नाही. हातातील कंकणे स्नानाच्या वेळीच सोडावीत, आधी किंवा घरी जाऊन नव्हे. त्यानंतर दुसऱ्या पात्रातील पाणी स्त्री-पुरुष सर्व भाविकांना अंगावर घेऊ द्यावे. ज्येष्ठांनी हात-पाय-तोंड धुतले तरी पुरे. उरलेले पाणी मंदिराच्या झाडांना घालावे. कुंडातील थंड झालेली राख चाळून विभूतीपुरती ठेवावी आणि बाकीची मातीत मिसळावी.

मंडपाविषयी मात्र कंत्राटदाराला होकार देऊ नये. श्रौत विधीतही यजमान अवभृथाहून यज्ञभूमीकडे परत येतो आणि आहवनीय, म्हणजे आहुतींच्या मुख्य, अग्नीवर समिधा ठेवतो. त्यापुढे उदयनीया, उदवसानीया इत्यादी समारोपाच्या इष्टी असतात, आणि मगच स्थान सोडले जाते. 1975 साली केरळातील पांजाळ येथे नंबूद्री ब्राह्मणांनी अतिरात्र अग्निचयन, म्हणजे विटांची वेदी रचून करावयाचा सोमयाग, केले तेव्हाही यज्ञशाळा सर्व विधी आटोपल्यानंतरच अग्नीच्या स्वाधीन करण्यात आली. आपल्याला मंडप जाळावयाचा नाही, तो भाड्याचा आहे. परंतु पूर्णाहुती, अवभृथ, मंडपात परत येऊन नमस्कार व विभूतिधारण, देवतांचे विसर्जन, भोजन आणि त्यानंतर मंडप उतरविणे हा क्रम मोडू नये. ध्वज उभारला असल्यास तोही स्नानानंतर, विसर्जनाच्या वेळी उतरवावा. कंत्राटदाराला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे आणि एक दिवसाचे जादा भाडे आताच ठरवून घ्यावे.